पुस्तकाच्या दुकानाचा ताळेबंद

जून महिन्यात उल्हास नदीच्या खोऱ्यात पाऊस उतरला, की कर्जतच्या बाजारपेठेत एक ठरलेले दृश्य दिसते. शाळेने दिलेली यादी हातात, छत्री काखेत आणि मूल बोटाशी, अशा अवस्थेत पालक शालेय साहित्याच्या दुकानापुढे उभे असतात. दुकानदार एकाच्या वह्या मोजतो, दुसऱ्याचे बिल करतो आणि त्याच वेळी तिसऱ्याला ‘सातवीचे गणित उद्या येईल’ असे सांगतो. खोपोलीत आणि खालापूर तालुक्यातील चौक, रसायनी या भागांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र असते.

अलीकडे या चित्रात एक नवी कृती शिरली आहे. मूल गोष्टीचे एखादे पुस्तक उचलते. वडील ते हातात घेतात, मागची छापील किंमत पाहतात आणि खिशातून मोबाइल काढतात. तेच पुस्तक वीस-पंचवीस टक्के कमी भावात घरपोच मिळते आहे, असे दिसताच ते पुन्हा फळीवर ठेवले जाते. दुकानदार हे सर्व पाहत असतो. तो काही बोलत नाही.

या प्रसंगात लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी, की पुस्तक खाली ठेवणारे वडील पुष्कळदा स्वतः व्यापारी असतात. त्यांचे कापडाचे, भांड्यांचे, किराण्याचे किंवा विजेच्या उपकरणांचे दुकान त्याच बाजारपेठेत असते. संध्याकाळी त्यांच्या दुकानात कोणी मिक्सर पाहून, त्याची सर्व माहिती विचारून, मोबाइलवर भाव ताडून निघून जाते तेव्हा त्यांना ते झोंबते. ‘माहिती येथून आणि खरेदी तिथून’ ही व्यापाऱ्यांच्या बैठकीतली नेहमीची तक्रार. दुपारी ग्राहक म्हणून केलेले वर्तन आणि संध्याकाळी व्यापारी म्हणून केलेली तक्रार या दोन नोंदी एकाच वहीत समोरासमोर सहसा लिहिल्या जात नाहीत. पुस्तकाच्या दुकानाचे लहानसे उदाहरण घेऊन त्या लिहून पाहणे उपयुक्त ठरेल.

दोन मोठ्या बाजारपेठांच्या मधोमध

मुंबई-पुणे लोहमार्ग सुमारे १९२ किलोमीटरचा. त्यात कर्जत जवळजवळ मध्यावर, मुंबईपासून सुमारे १०० किलोमीटरवर. एका टोकाला दादर आणि गिरगाव, दुसऱ्या टोकाला पुण्याचा अप्पा बळवंत चौक. मराठी पुस्तकांच्या या दोन मोठ्या बाजारपेठांच्या मधोमध वसलेल्या गावाला स्वतःची पुस्तकपेठ लाभली नाही, यात नवल नाही. लोकलने नोकरीला जाणारा चाकरमानी परतताना दादरला उतरून हवे ते पुस्तक पूर्वीपासूनच घेऊन येत असे. त्यामुळे केवळ कथा-कादंबऱ्या विकून दुकान चालविणे या भागात कधीच सोपे नव्हते. येथे पुस्तकविक्री उभी राहिली ती वह्या, पेन, रंगपेट्या, दिनदर्शिका आणि दिवाळी अंक यांच्या आधाराने.

हे आधार एकेक करून सुटत गेले. शासकीय व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळू लागली. हे समाजाच्या दृष्टीने योग्यच झाले. पण दुकानदाराच्या जून महिन्यातील विक्रीचा एक भाग त्याबरोबर गेला. वह्या आणि कंपासपेट्या मोठ्या सवलत भांडारांत किराण्याबरोबरच टोपलीत पडू लागल्या. उरले ते अवांतर वाचनाचे आणि स्पर्धा परीक्षांचे पुस्तक. नेमके तेच मोबाइलच्या पडद्यावर सर्वाधिक सवलतीत मिळू लागले.

सवलतीसाठी पुस्तकाचीच निवड का

ॲमेझॉन ही कंपनी १९९४ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली आणि १९९५ पासून तिने विक्री सुरू केली ती पुस्तकांची. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळूर येथे सुरू झाली, तीही पुस्तकांच्या विक्रीने. ॲमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात पाऊल ठेवले, तेव्हाही आरंभीच्या मालात पुस्तके होती. हा योगायोग नव्हे. पुस्तक नासत नाही, फुटत नाही. कपड्याप्रमाणे त्याचे माप चुकत नाही. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र क्रमांक असतो, त्यामुळे मागविलेली वस्तू आणि आलेली वस्तू यांत वाद उरत नाही. शिवाय प्रत्येक पुस्तकावर किंमत छापलेली असते, म्हणून दिलेली सवलत ग्राहकाला तत्काळ दिसते.

किराणा व्यापाऱ्याला ही रीत समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सणाच्या तोंडावर साखर खरेदीच्या भावात विकायची आणि तिच्या ओढीने आलेल्या गिऱ्हाइकाला सुकामेवा, तूप, मसाले विकून नफा काढायचा, हा बाजारातील जुना परिपाठ आहे. मोठ्या विक्रेत्याच्या दृष्टीने पुस्तक म्हणजे ही साखर. पुस्तकासाठी आलेला ग्राहक पुढे भ्रमणध्वनी, कपडे, फर्निचर घेईल, हा त्याचा हिशेब. पुस्तकाच्या दुकानदाराकडे मात्र साखरेमागून विकण्यासाठी दुसरे काही नसते.

एका पुस्तकाचा हिशेब

समजा, कर्जतमधील एका दुकानात ३०० रुपये छापील किमतीचे पुस्तक आहे. प्रकाशकाकडून ते ३० टक्के कमिशनने मिळाले, म्हणजे खरेदी २१० रुपयांना पडली. पूर्ण किमतीस विकल्यास ढोबळ नफा ९० रुपये. आता स्पर्धेसाठी दुकानदाराने २० टक्के सवलतीची पाटी लावली. ग्राहकाला ६० रुपये सुटले आणि दुकानदाराच्या हाती ३० रुपये राहिले. विक्रीच्या किमतीत घट झाली एक-पंचमांश; नफ्यात घट झाली दोन-तृतीयांश. पूर्वीइतकाच ढोबळ नफा मिळवायचा, तर जिथे एक पुस्तक विकले जात होते तिथे तीन विकली गेली पाहिजेत.

हेच गणित महिन्याला लावून पाहावे. दुकानातून महिन्यास अशी २०० पुस्तके जात असतील, तर पूर्ण किमतीस १८,००० रुपये ढोबळ नफा होतो. भाडे, वीज, एका मदतनिसाचा पगार आणि माल आणण्याचा खर्च मिळून १५,००० रुपये धरले, तर मालकाला ३,००० रुपये उरतात. त्याच्या स्वतःच्या श्रमाचे मोल यात धरलेलेच नाही. सवलतीनंतर तितक्याच पुस्तकांवर ढोबळ नफा ६,००० रुपये. म्हणजे ९,००० रुपयांची तूट. ती भरून पूर्वीच्या जागी यायचे, तर महिन्याला ६०० पुस्तके विकावी लागतील. दुकानाबाहेर पाटी लावल्याने कर्जतमध्ये तिप्पट वाचक एका महिन्यात निर्माण होत नाहीत.

करांच्या बाबतीतही पुस्तकविक्रेत्याची स्थिती वेगळी आहे. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर शून्य आहे आणि वाचकाच्या दृष्टीने ती स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु विक्री करमुक्त असल्यामुळे कागदावर, छपाईवर, जागेच्या भाड्यावर कोणी कर भरला असेल, तर त्याची वजावट मिळत नाही. तो खर्चातच मुरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरील कराचा दरही १२ टक्क्यांवरून शून्यावर आला, तेव्हा वह्या विकणाऱ्यालाही हाच नियम लागू झाला.

सवलत देऊनही बंद पडलेले दुकान

येथे असा प्रश्न निघेल, की दुकानदाराने सुरुवातीपासूनच कमी नफ्यावर अधिक विक्री केली असती तर? याचे उत्तर मुंबईतील एका नामांकित दुकानाच्या इतिहासात सापडते. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहाच्या आवारात पुस्तकांचे एक लहानसे दालन मांडले. पुढे ते फोर्ट भागात गेले आणि ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ या नावाने देशभर प्रसिद्ध झाले. त्या काळी पुस्तकावर सवलत देण्याची पद्धत नव्हती. शानभाग यांनी २० टक्के सवलतीचा पायंडा पाडला. चर्चगेटजवळच्या सुंदराबाई सभागृहात भरणाऱ्या त्यांच्या वार्षिक प्रदर्शनाची वाचक वाट पाहत. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, सत्तर वर्षांच्या वाटचालीनंतर, दुकान बंद झाले. पुण्याच्या लष्कर भागातील ‘मॅनीज’ हे जुने दुकान त्याआधीच, २०१२ मध्ये, बंद झाले होते.

स्ट्रँडची सवलत होती तेव्हा तिच्यापुढे दुसरी सवलत नव्हती, आणि ती देणाऱ्याला पुस्तकांची पारख होती. ग्राहक २० टक्क्यांसाठी येत आणि शानभाग यांच्या निवडीमुळे पुन्हा येत. त्याहून मोठी सवलत एका बोटाच्या अंतरावर आल्यानंतर पहिल्या कारणाला अर्थ उरला नाही. सत्तर वर्षांचा नावलौकिक, मुंबईसारखे शहर आणि निष्ठावान वाचकवर्ग असूनही केवळ सवलतीच्या जोरावर टिकणे जर अशक्य ठरले, तर कर्जत-खोपोलीतील दुकानदाराने तो मार्ग धरू नये, इतका बोध यातून निश्चित निघतो.

कायदा कोठे उभा आहे

फ्रान्समध्ये १९८१ साली एक कायदा झाला. त्यानुसार नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवितो आणि कोणत्याही विक्रेत्याला तीवर पाच टक्क्यांहून अधिक सवलत देता येत नाही. पुढे ऑनलाइन विक्रेत्यांनी घरपोच पाठवणी फुकट करून ही मर्यादा वळसा घालून ओलांडली, तेव्हा ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोपेक्षा कमी रकमेच्या पुस्तकांच्या मागणीवर किमान ३ युरो पाठवणी शुल्क बंधनकारक करण्यात आले. ब्रिटनमध्ये याच्या उलट घडले. तेथे १९०० पासून प्रकाशक व विक्रेते यांच्यातील करारामुळे पुस्तके ठरलेल्या किमतीलाच विकली जात. १९९५ मध्ये मोठ्या प्रकाशकांनी हा करार सोडला आणि खपाची पुस्तके किराणा भांडारांत मोठ्या सवलतीने विकली जाऊ लागली.

भारतात वेष्टनावरील किंमत ही कमाल किंमत असते. तिच्याहून अधिक घेणे हा गुन्हा, परंतु कमी घेण्यावर बंधन नाही. स्पर्धा अधिनियम, २००२ मध्ये स्पर्धकाला बाजारातून घालविण्यासाठी तोट्यात विक्री करण्यास मनाई आहे. पण बाजारात प्रभुत्व असलेल्या विक्रेत्यापुरतीच, आणि ते प्रभुत्व सिद्ध करावे लागते. परकीय गुंतवणुकीच्या ऑनलाइन बाजारपेठांनी विक्रीच्या किमतींवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, असा नियम डिसेंबर २०१८ मध्ये अधिक कडक करण्यात आला. हे सारे आवश्यकच आहे. तथापि तालुक्याच्या गावातील दुकानदाराला पुढच्या जून महिन्याचे भाडे भरण्यासाठी त्यावर विसंबून राहता येणार नाही.

अडकलेला माल

लहान दुकानाची खरी दुबळी बाजू बहुधा किमतीत नसून फळीवरच्या मालात असते. वर दिलेल्या दुकानाचेच उदाहरण पुढे न्यावे. वर्षाला सुमारे पाच लाख रुपये खरेदी किमतीची पुस्तके तेथून विकली जातात. दुकानात कायम पाच लाखांचा माल पडून असेल, तर भांडवल वर्षातून एकदाच फिरते. तो माल अडीच लाखांवर आणता आला, तर तेच भांडवल दोनदा फिरेल आणि १० टक्के व्याजदराने वर्षाला २५,००० रुपये वाचतील. ही रक्कम दुकानाच्या एका महिन्याच्या संपूर्ण ढोबळ नफ्याहून अधिक आहे, आणि ती मिळविण्यासाठी ग्राहकाला एक रुपयाचीही सवलत द्यावी लागत नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने खरेदीचा महिना लिहून ठेवावा. सहा महिने न हललेले पुस्तक परत पाठवावे अथवा बदलून घ्यावे. हा नियम पाळण्यासाठी संगणकाचीही गरज नाही.

ब्रिटनमध्ये ‘वॉटरस्टोन्स’ या मोठ्या पुस्तकसाखळीची स्थिती बिघडली असता २०११ मध्ये तिची सूत्रे जेम्स डाँट यांच्याकडे आली. ते मूळचे लंडनमधील एका स्वतंत्र दुकानाचे मालक. त्यांनी ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ ही गाजलेली योजना बंद केली. प्रकाशकांकडून पैसे घेऊन त्यांची पुस्तके दर्शनी मांडण्याची प्रथाही थांबविली. कोणत्या गावातील दुकानात कोणती पुस्तके ठेवायची, हे त्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकांवर सोपविले. न खपता परत जाणाऱ्या पुस्तकांचे प्रमाण घटले आणि ही साखळी पुन्हा नफ्यात आली. एका अवाढव्य साखळीला वाचण्यासाठी लहान दुकानाची रीत उचलावी लागली, ही गोष्ट लहान दुकानदाराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मोठ्यांकडूनही एक धडा घेता येतो. महाराष्ट्रातून उभ्या राहिलेल्या डी-मार्टच्या स्वस्ताईचे एक कारण व्यापारी वर्तुळात सर्वश्रुत आहे: पुरवठादारांचे पैसे ते लवकर चुकते करतात आणि त्या बदल्यात भाव कमी करून घेतात. ‘रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा’ हे सूत्र जुन्या पेढ्यांवरही होते. पुस्तक व्यवसायात मात्र उधारी लांबविण्याचीच सवय आहे. पैसे थकले, की प्रकाशक नवे पुस्तक देताना हात आखडतो आणि दुकानात नवे पुस्तक नाही म्हणून ग्राहक मोबाइलकडे वळतो. माल निम्म्यावर आणल्याने मोकळे झालेले भांडवल रोख खरेदीकडे वळविले, तर ३० टक्क्यांचे कमिशन दोन-तीन टक्क्यांनी वाढवून मागण्याचा दुकानदाराला अधिकार पोहोचतो.

गावाला ओळखणारा विक्रेता

याखेरीज कर्जत-खालापूरच्या भूगोलात दुकानदाराच्या बाजूने असणाऱ्या काही गोष्टी आहेत. दादर आणि पुणे जवळ असणे ही आजवर अडचण होती; मागणीनुसार माल आणायचा ठरविले, तर तीच सोय ठरते. ग्राहकाने सोमवारी सांगितलेले पुस्तक त्याच आठवड्यात हाती देता आले, तर ते आधी विकत घेऊन ठेवण्याची गरज उरत नाही. मोठ्या प्रवासात लोकलमध्ये रोज काही तास घालविणारा वर्ग येथे आहे. शनिवार-रविवारी शेतघरांवर, नदीकाठच्या विश्रामस्थळांवर आणि माथेरानकडे येणारी शहरी कुटुंबे आहेत. या परिसराची माहिती देणारी, येथील किल्ल्यांवरची, १९४३ च्या जानेवारीत सिद्धगडावर हुतात्मा झालेल्या भाई कोतवालांविषयीची पुस्तके त्यांना हवी असतात. पण ती मागावीत हे त्यांना ठाऊक नसते. अशी पुस्तके समोर मांडणे हे जागेवरच्या माणसाचे काम आहे.

वर्षाचे वेळापत्रकही दुकानदाराला साह्यकारी आहे. जूनमध्ये शाळा, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, त्यानंतर दिवाळी अंक, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने व बक्षीस समारंभ, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा आजही आगाऊ नोंदणीवर चालते, म्हणजे ग्राहकाचे पैसे आधी आणि माल नंतर. खेळत्या भांडवलाच्या दृष्टीने यासारखी दुसरी सोय नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खालील अनुदानप्राप्त ग्रंथालये दरवर्षी पुस्तके घेतात. त्यांच्या ग्रंथपालाला आणि शाळेच्या मुख्याध्यापकाला वयोगटानुसार निवडलेली यादी घेऊन भेटणारा विक्रेता लागतो. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली असून ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत आणि ५ किलोपर्यंतचे १०० रुपयांत, अधिक कर, देशभर पाठविता येते. वाड्या-वस्त्यांवरच्या ग्राहकाला तालुक्याच्या दुकानातून पुस्तक पोहोचविण्याचा हा परवडणारा मार्ग आहे.

ग्राहकाची बाजू

ग्राहकाला दोष देऊन हा हिशेब पुरा होत नाही. कशेळे किंवा वावोशीच्या परिसरातून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला दीड हजारांच्या पुस्तकांवर तीन-चारशे रुपये वाचणे ही मोठी गोष्ट आहे. तालुक्याच्या दुकानात जे पुस्तक त्याला कधी दिसले नसते, ते आज त्याच्या घरी येते. दुकानदाराने वर्षानुवर्षे ‘नाही, संपले’ एवढेच उत्तर दिले असेल, तर त्याने ग्राहकाच्या निष्ठेची अपेक्षा करणे न्याय्य नाही. निष्ठा ही सेवेची परतफेड असते.

ज्या कुटुंबाला त्या साठ रुपयांनी काही फरक पडत नाही, त्याच्यासाठी प्रश्न वेगळा आहे. दुकानात जाऊन, पुस्तक हाताळून, विक्रेत्याला ‘आठ वर्षांच्या मुलीला कोणते द्यावे’ असे विचारून, त्याच्या सल्ल्यानुसार खरेदी मात्र दुसरीकडे करणे, यात विक्रेत्याचे ज्ञान मोबदल्याशिवाय घेतले जाते. व्यापाराच्या भाषेत ही न फेडलेली उधारी होय. ती कोणत्याही वहीत लिहिली जात नाही, म्हणून तिची वसुलीही होत नाही; एके दिवशी दुकानाचे दार बंद होते, तेव्हाच ती दिसते.

दुकान गेल्यावर काय जाते, हेही मोजले पाहिजे. मोबाइलवर पुस्तक मागविणाऱ्याला आपल्याला काय हवे ते आधी ठाऊक असते. मुलाला ते ठाऊक नसते. ते चित्र पाहून पुस्तक उचलते, चार पाने उलटते, खाली ठेवते आणि दुसरे उचलते. वाचनाची सुरुवात अशीच होते. ज्या गावात पुस्तकाची एकही फळी रस्त्यावरून दिसत नाही, त्या गावातील मुलाच्या हाती पडद्याखेरीज दुसरे काही सहज येत नाही. मुले वाचत नाहीत, ही तक्रार करणाऱ्या घरांनी आपल्या वार्षिक खर्चात गावातल्या दुकानातून घेतलेल्या पुस्तकांची रक्कम किती, हे एकदा पाहावे.

ज्ञान आणि लाभ एकाच तिथीला

पुस्तकाचा व्यापार या समाजाला परका नाही. संस्कृत व भारतविद्येच्या ग्रंथांसाठी जगभर ओळखली जाणारी ‘मोतीलाल बनारसीदास’ ही पेढी १९०३ मध्ये लाहोर येथे एका जैन कुटुंबाने सुरू केली. फाळणीत तेथील सर्व सोडून तिने पुन्हा उभारी घेतली. मुंबईत पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९१२ मध्ये ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय’ स्थापन केले आणि गिरगावातील हिराबागेतून दशकानुदशके उत्तम ग्रंथ प्रसिद्ध केले. या दोन्ही ठिकाणी ग्रंथ हा पूज्यही होता आणि विक्रीचा मालही होता. त्यांचा हिशेब चोख होता म्हणूनच ग्रंथ वाचकांपर्यंत पोहोचत राहिले.

कार्तिक शुद्ध पंचमीला अनेक घरांत ज्ञानपंचमी म्हणून ग्रंथांचे पूजन होते. त्याच दिवशी लाभपंचम म्हणून दिवाळीनंतर दुकाने पुन्हा उघडतात आणि नव्या वर्षाचा पहिला व्यवहार लिहिला जातो. तो पहिला व्यवहार गावातील पुस्तकाच्या दुकानातून, पूर्ण किमतीस घेतलेल्या एका पुस्तकाचा असावा, असे एखाद्या कुटुंबाने ठरविले, तर त्यास फारसा खर्च येत नाही. पर्युषणात प्रवचनानंतर वाटावयाच्या प्रभावनेसाठी किंवा शाळेला द्यावयाच्या बक्षिसांसाठी शे-दीडशे पुस्तके लागतात, तेव्हा त्यांची मागणी आधी त्याच दुकानदाराकडे नोंदवावी, वाजवी घाऊक भाव मागावा आणि पैसे रोख द्यावेत. दीडशे पुस्तकांची एक मागणी म्हणजे वरील उदाहरणातील दुकानाच्या महिन्याच्या विक्रीचा तीन-चतुर्थांश भाग.

दुकानदारानेही त्या दिवशी आपली फळी एकदा तपासावी आणि सहा महिन्यांत न हललेली पुस्तके बाजूला काढावीत. पुढच्या जूनमध्ये पाऊस आणि पालक दोन्ही येतील. त्या वेळी मूल जे पुस्तक उचलेल, ते पुन्हा फळीवर ठेवावे असे वडिलांना वाटू नये, याची निम्मी जबाबदारी दुकानदाराची आहे आणि निम्मी वडिलांची.